बर्फातली बाटली

एका धडधाकट माणसाला तुला मूल होणार नाही असं मी सांगून टाकलं होतं, आणि तेही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत. सत्तरचं दशक संपत आलेलं. अंगात पांढरा कोट, हाती प्राणिशास्त्राची पदवी आणि अक्कल बेताची. कोल्हापुरात महाद्वार रोडलगतच्या एका बोळात, एका डॉक्टरांच्या लॅबमध्ये मी रक्त-लघवी तपासायची. वीर्याची तपासणीही माझ्याकडेच. पण तो शब्द तोंडातून काढायची वेळ आली की मान आपोआप भिंतीकडे वळायची. नमुना कसा घ्यायचा, कशात आणायचा हे समोरच्या पुरुषाला समजावून सांगणं माझं काम होतं. मी बाटली पुढे सरकवून म्हणायची, "सकाळी लवकर आणा." बाकीचं जणू कॅलेंडरवरचा गणपती त्याला सांगणार होता.

त्याच सुमारास डॉक्टरांच्या कपाटातल्या एका जाड मासिकात मी वाचलं, की शुक्राणूच्या शेपटीत प्रथिनांच्या बारीक नळ्यांचा सांगाडा असतो. नळ्यांच्या नऊ जोड्या गोलाकार, दोन नळ्या मधोमध. त्या एकमेकींवर सरकतात म्हणून शेपटी हलते. सांगाड्यातच खोट असेल तर शुक्राणू जागचा हलत नाही. वाचून मी अशी काही फुगले, की सांगाडा मीच विणलाय जणू.

आणि नेमका तेव्हाच मुरगूडकडचा एक म्हशीवाला नमुना घेऊन आला. लग्नाला बरीच वर्षं झालेली, घरात पाळणा नाही. बाटली हाताला ओली आणि गार लागली. का, हे विचारायला त्याच्याकडे बघावं लागलं असतं. मी विचारलं नाही.

काचेखाली सगळे निपचित. शेपट्या जिलबीसारख्या वळलेल्या. आमच्या त्या जुन्या सूक्ष्मदर्शकातून आतला सांगाडा दिसणं शक्यच नव्हतं. मला तो दिसला! डॉक्टर सांगलीला लग्नाला गेले होते. त्यांची वाट बघायची सोडून मी त्या माणसाला नळ्यांवर व्याख्यान दिलं आणि शेवटी म्हटलं, दोष मुळातलाच आहे, उपाय नाही. तो "बरं" म्हणाला आणि गेला. मला वाटलं, किती समजूतदार माणूस!

पुढच्या आठवड्यात त्याची बायको एकटीच एस.टी.नं आली. त्या दिवसापासून तो गोठ्यातच निजत होता. जेवणाचं ताट तसंच परत येत होतं. तू माहेरी जा, दुसरं लग्न कर, असं त्यानं तिला सांगितलं होतं. एवढ्यावर न थांबता तिच्या भावांना निरोपही धाडला होता. रविवारी ते तिला न्यायला येणार होते आणि तिला जायचं नव्हतं.

"पुन्ना एकदा बगा की, बाई," ती म्हणाली. "लई जपून आणलं हुतं त्यांनी. म्हशीच्या डाक्टराचा थर्मास मागून घेतला, बर्फ घातला, त्यात बाटली ठिवून आणली."

मला ती ओली, गार बाटली आठवली. वळूचं वीर्य गावोगाव थर्मासात, बर्फावर येतं, हे त्यानं रोज बघितलेलं. ते आधी अंड्याच्या बलकात मिसळून हळूहळू थंड करतात, हे त्याला कोण सांगणार? मीच सांगायचं होतं, पण मी गणपतीशी बोलत होते. गारठ्यानं शुक्राणू थिजले, बुचातून वितळलेलं पाणी शिरलं आणि शेपट्या वळल्या. सांगाड्याचा काही दोष नव्हता.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि नवऱ्याला पुन्हा बोलावून घे, एवढंच म्हणाले. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

शनिवारी तिनं नवऱ्याला ओढूनच आणलं. या वेळी नमुना लॅबमध्येच घेतला. काचेला डोळा लावला तर आत रंकाळ्यात उड्या टाकलेल्या पोरांसारखी नुसती धांदल. मला रडू आलं. त्या आठवड्यात गोठ्यात पडून त्या माणसानं काय काय विचार केले असतील, हे आज नातवंडं मांडीवर खेळवतानाही मनातून जात नाही.

तो बाहेर बाकावर मान खाली घालून बसला होता. मी तिला एकटीलाच आत बोलावलं, हात धरून चूक कबूल केली. सगळे जिवंत आहेत, चांगले पळताहेत, म्हटलं. आता जा आणि त्यांना सांग.

तिनं हात सोडवून घेतला.

"मला सांगू नगा, बाई. त्यास्नी सांगा. आनि ह्या बारीला भिताडाकडं बगून न्हवं, त्यांच्या तोंडाकडं बगून."