दादाला ऐकू जाईल एवढं

रात्रीपासून धुकं असं दाटलं होतं की समोरच्या गॅरेजचा पत्राही दिसत नव्हता. हवेत ओल असली की मोटरींवरचं व्हार्निश सुकत नाही, म्हणून वाइंडरबाई उठल्यापासून चिडलेली होती. जळक्या मोटरीतली तांब्याची गुंडाळी तिने छिन्नीने तोडून बाहेर ओढली, खाचा ब्रशने साफ केल्या आणि घड्याळ बघून हात पुसले. सात वाजले होते. मोटर थांबली असती, आठचं काम थांबणारं नव्हतं.

पंप, पंखे, गॅरेजवाल्याचा कॉम्प्रेसर, जे जळेल ते ती नव्याने गुंडाळून देते. धंदा वडिलांचा. वडिलांनी शिकवला तो थोरल्या मुलाला. ही बारकी टेबलाखाली बसून शिकली. पुढे थोरल्याला हॅम रेडिओचं, घरच्या सेटवरून दूरच्यांशी बोलायचं, वेड लागलं आणि त्याने ते हिलाही लावलं. लायसन्सची परीक्षा दोघांनी एकाच दिवशी दिली. ही पास झाली, दादा नापास. हे ती अजून चारचौघांत सांगते, आणि पुढच्या खेपेला तोही पास झाला हे सांगायचं नेमकं विसरते.

दादा आता पंचाहत्तरीचा, डोंगरापलीकडे एकटा राहतो. कान गेलेत. फोनवरचं बोलणं त्याला पत्र्यावर खडी ओतल्यासारखं ऐकू येतं. पण मोर्सचा, टिंब-रेघांचा एका पट्टीतला सूर खणखणीत असला की अजून कळतो. हिच्या साध्या सेटचा आवाज डोंगर ओलांडायचा, पण दादाच्या कानात शिरायचा नाही. म्हणून तिने सेटचा जोर वाढवणारा अँप्लिफायर घरीच बांधला. ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळला, पेटी जुन्या ओव्हनची घेतली, आणि मधोमध दुधाच्या बाटलीएवढा, दिव्यासारखा पेटणारा काचेचा व्हॉल्व्ह उभा केला. सतरा वर्षं रोज सकाळी आठला दोघांच्या गप्पा चालल्या. मग पाच आठवड्यांपूर्वी दादाला अर्धांगाचा झटका आला. परवा इस्पितळातून घरी येताच त्याने शेजाऱ्याकरवी निरोप धाडला: "शनिवारी आठला बसतो. ऐकू आलं नाही तर सेट देऊन टाकतो. बस झालं."

"देऊन टाकतो म्हणजे टाकेलच," ती नवऱ्याला म्हणाली. "हट्टी आहे मेला."

"घराणंच तसं," नवरा म्हणाला. तो निवृत्त बसड्रायव्हर; चाळीस वर्षं लोकांचं ऐकून घेतल्यामुळे आता मोजकंच बोलतो, पण टोचून बोलतो.

शनिवार आज होता. पाच आठवडे बंद असलेल्या पेटीत धूळ साचली होती, आणि दोन हजार व्होल्टांना धुळीतूनही वाट सापडते. तिने प्लग काढला. पाच मिनिटं थांबली. मग झटका बसलाच तर छातीतून जाऊ नये म्हणून एक हात ॲप्रनच्या खिशात घालून, दुसऱ्या हाताने चिमट्याची तार खुंटीवरून उचलली आणि वीज साठवणाऱ्या कंडेन्सरच्या टोकाला लावली. तारेचं दुसरं टोक पेटीला जोडलेलं. आत काही वीज मुरलेली असली तर ती अंगात न जाता पेटीत जावी, म्हणून ही तार. धूळ झटकली, पंख्याला तेल सोडलं, आणि तेवढ्यात आतून हाक आली.

"अगं, चहा निवतोय. की त्यालाही अँप्लिफायर लावू?"

"आले हो." तिने घाईने झाकण बसवलं आणि चहा पिऊन आली. मग व्हॉल्व्हचं फिलामेंट तापवायला ठेवलं, तीन मिनिटं मोजली आणि मोठा खटका दाबला.

धाडकन आवाज झाला. घरातले दिवे मिचमिचले. जळक्याचा वास आला.

ती खुर्चीतच बसून राहिली. फ्यूज उडाला होता, तो बदलता आला असता. पण फ्यूज उगाच उडत नाही. व्हॉल्व्ह आतून गेला असणार. दुसरा होता, पण कपाटात वीस वर्षं पडलेला. असा व्हॉल्व्ह नुसतं फिलामेंट लावून दिवसभर शेकावा लागतो, तेव्हा कुठे तो दोन हजार व्होल्ट सोसतो. आणि आठ वाजायला वीस मिनिटं होती.

नवरा दारात आला. तिच्या तोंडाकडे बघून टोमणा गिळला. "मी गाडी काढू का? दादाकडे जाऊ."

"तीन तासांचा रस्ता आहे. तोवर सेट गेला असेल शेजाऱ्याच्या घरी."

तरी हात थांबेनात. निदान मेलेला व्हॉल्व्ह तरी काढावा म्हणून तिने प्लग उपसला, पाच मिनिटं थांबली, झाकणाचे स्क्रू सोडले आणि सवयीने खुंटीकडे हात नेला. खुंटी मोकळी.

"अहो, माझी तार कुठे टाकलीत?"

"मी? तुझ्या त्या टेबलाला हात लावणार नाही असं लग्नाच्या दिवशीच कबूल केलंय मी."

तिने झाकण उचललं. तार आतच होती. चिमट्याने कंडेन्सरचं टोक घट्ट धरलेलं, तिने लावलं होतं तसंच. दोन हजार व्होल्ट निघाले आणि सरळ पेटीत गेले होते. व्हॉल्व्हपर्यंत काही पोचलंच नव्हतं.

ती भिंतीला टेकली आणि हसायला लागली. हसता हसता डोळे पुसू लागली. नवऱ्याला काही कळेना.

"हँडब्रेक लावून गाडी चालवली हो मी," ती म्हणाली.

"हां," तो म्हणाला. "मग असं बोल की."

तार खुंटीवर, नवा फ्यूज, झाकण, फिलामेंट. तीन मिनिटं. तिने डोळे मिटून खटका दाबला. पंखा घुमला, मीटरचा काटा सावकाश वर चढला आणि जागेवर उभा राहिला. आठला दोन कमी होते.

तिने दादाला साद घातली. कानात नुसती खरखर. पुन्हा घातली. तिसऱ्यांदा मोर्सच्या बटणावर बोट ठेवणार, तोच एक सूर उमटला. ठेचकाळत, मध्येच थांबत. हा हात दादाचा नव्हे, असं तिला क्षणभर वाटलं. पण ओळ संपताना शेवटचा ठोका लांबला, गंजक्या बिजागरीसारखा. असा ओढणारा जगात एकच.

"बारके. आलं ऐकू. डाव्या हाताने बडवतोय. हसू नकोस."

"हसणारच," तिने बडवलं. "सेट?"

मग एकेक अक्षर जोडत आलं: "राहू दे. उद्या आठला. आवाज कमी ठेव, कान फुटतील."

"काय म्हणतोय?" नवऱ्याने विचारलं.

"तक्रार करतोय."

"म्हणजे बरा आहे."

तिने मोठा खटका पाडला, फिलामेंट निवेपर्यंत पंखा चालू ठेवला आणि ॲप्रनची गाठ आवळत बाहेर आली. मोटर तशीच आ वासून पडली होती. तिने कात्री घेतली, इन्सुलेशनच्या कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि एकेक दुमडून खाचांत सारायला बसली.