पांढरा शांत असतो

गंगाधर राणे यांना माणूस बघताक्षणी कळायचा, असं त्यांचंच म्हणणं होतं. वरळीच्या एका औषध कंपनीत ते चौतीस वर्षं भरती विभागात होते. आता ते स्वतःच हसत सांगतात, की त्या चौतीस वर्षांत मुलाखतीच्या खोलीत त्यांनी एकदाही पाऊल टाकलं नाही. बाहेर टेबलाशी बसून नावं पुकारायची आणि अर्ज टाचायचे, एवढंच काम. पण उमेदवार बाहेर आला की ‘हा टिकत नाही’ असं ते मनाशी म्हणत, आणि तो टिकला तर सोयीस्करपणे विसरून जात.

निवृत्तीनंतर पारखायला माणसं उरली नाहीत. लालबागची चाळ पाडून बांधलेल्या बिल्डिंगीत, सोळाव्या मजल्यावर, ज्याचं त्याचं दार बंद. मग एक दिवस सून नूपुर पिंजरा घेऊन आली. आत चार छोटे पोपट: हिरवा, पिवळा, निळा आणि पांढरा. आपल्याकडे सगळे त्यांना लव्हबर्ड म्हणतात. गंगाधरांनी मोबाइलवर दोन व्हिडिओ बघितले, लव्हबर्ड सोडून ‘बजी’ म्हणायला सुरुवात केली आणि आठवड्याभरात ते तज्ज्ञ झाले.

त्यांचा सिद्धांत सोपा होता. रंगावरून स्वभाव कळतो. हिरव्याने आल्या आल्या पाण्याची वाटी उलटवली, म्हणून हिरवा दांडगा. पिवळा लाडावलेला. निळा पिंजऱ्यातल्या घंटीकडे एकटक बघायचा, म्हणून विचारी. पांढरा नव्या जागेला बिचकून कोपऱ्यात बसला होता, त्याचा अर्थ त्यांनी लावला, ‘साधू’. हे सगळं त्यांनी वहीत नीट लिहून काढलं.

“अहो, चारही सारखेच ओरडतात,” पत्नी बकुळाबाई म्हणाल्या.

“तुला नुसतं ऐकू येतं. निरीक्षण वेगळं.”

समोरच्या दारात शांतावहिनी राहायच्या, नर्सची नोकरी करून रिटायर झालेल्या. घरात एक्क्याण्णव वर्षांच्या सासूबाई, दिवसभर खिडकीशी पडून. त्यांना ऐकू फारसं येत नसे, म्हणून हळूहळू त्यांच्याशी बोलणंही कमी झालं होतं. शांतावहिनींनी एक पक्षी मागितला.

“आईंना काहीतरी हलतं-फिरतं दिसेल. पण शांत द्या हां, भाऊ. दुपारी तासभर डोळा लागतो, तेवढीच माझी झोप.”

“पांढरा न्या,” गंगाधर लगेच म्हणाले. “पांढरा शांत असतो. माझ्यावर सोडा.”

तिसऱ्या दिवशी सकाळी शांतावहिनी पिंजऱ्यासकट दारात. डोळ्यांखाली काळं. एकटा पडलेला साधू पहाटेपासून अंधार पडेपर्यंत भावंडांना हाका मारत होता. गंगाधरांनी दोष त्यांच्या टीव्हीला दिला आणि निळा दिला. विचारी निळ्याने राळे घालायला गेलेल्या वहिनींचं बोट असं चावलं, की नर्सबाईंना स्वतःलाच पट्टी बांधावी लागली.

आता मात्र गंगाधर वही घेऊन परळला शिवाकडे गेले. शिवा गच्चीवर पक्षी पाळायचा आणि विकायचा. त्याने वही शांतपणे वाचली, एक पान उलटून परत वाचलं.

“काका, रंगावर काय नसतं. हे बारीकवाले सगळे चालूच असतात, दिवसभर खिटपिट. हाताळलं तर माणसाळतात, नायतर चावतात. थंड पायजे तर हा बघा.” त्याने एक करडा पक्षी दाखवला. जवळजवळ दीडपट मोठा, कपाळावर पिसांचा फुगा, डोळे त्यातच बुडालेले. “शोवाला, प्रदर्शनात ठेवतात तो. ह्याला घाईच नाय.”

“हे मला माहीत होतं,” असं गंगाधर म्हणणार होते. तोंडही उघडलं होतं. पण शिवाच्या हातात अजून त्यांची वही होती.

निळ्याच्या जागी करडा शांतावहिनींकडे गेला आणि खरोखर गप्प बसला. दोन दिवस घर शांत. वहिनींची झोप झाली, गंगाधरांचा जीव भांड्यात पडला. तिसऱ्या दिवशी त्या पुन्हा दारात उभ्या राहिल्या, तेव्हा ते बकुळाबाईंना म्हणाले, “मी घरी नाही म्हण.” वहिनींनी ते ऐकलं.

“तक्रार नाही, भाऊ. जरा आईंकडे या.”

सासूबाई उठून बसल्या होत्या. पिंजऱ्याकडे बोट करून त्या म्हणाल्या, “ह्यो जितो आसा ना गो?”

“जिवंत आहे, आई. शांत आहे तो.”

“माका नको. तो पांढरो खंय गेलो? तेचो आवाज माका ऐकाक येता.”

वहिनींनी हातातलं फडकं घडी करून परत उलगडलं. घरातल्या माणसांचं बोलणं सासूबाईंपर्यंत पोचत नव्हतं. त्या एवढ्याशा पक्ष्याची कर्कश किरकिर पोचत होती, आणि नेमकी तीच गंगाधरांनी परत घेतली होती.

पांढरा त्याच संध्याकाळी समोर गेला. करडा राण्यांकडे आला आणि कपाटावर ठेवलेल्या शोभेच्या वस्तूसारखा बसला. गंगाधरांनी वही रद्दीत टाकली. बकुळाबाईंनी ती पाहिली आणि एवढंच म्हणाल्या, “लग्न ठरलं तेव्हा मलाही शांत समजला होतात.”

शांतावहिनींची दुपारची झोप मात्र गेली. त्याची भरपाई गंगाधर करतात. रोज दोन वाजता वहिनी राण्यांच्या आतल्या खोलीत येऊन झोपतात आणि गंगाधर समोर जाऊन सासूबाईंजवळ बसतात. पांढरा डोक्यावर कलकलत असतो. पहिल्या दिवशी गंगाधरांनी त्यांना समजावायला सुरुवात केली, की हा जातीने लहान, म्हणून जास्त बोलका, रंगाचा त्यात काही संबंध नाही, मोठ्या जातीचे असतात ते मात्र—

सासूबाईंना शब्द ऐकू आले नाहीत, पण गंगाधरांचं हलणारं तोंड दिसलं. त्यांनी हात वर केला.

“तू उगी रव,” त्या म्हणाल्या. “तेका बोलांदे.”

गंगाधर तेव्हापासून तिथे तासभर गप्प बसतात.