वजिराचा सत्कार

बाबा तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. निवृत्त झाल्यावर त्यांना कुठल्याशा पुस्तकात एक इराणी वजीर सापडला, आणि हजारेक वर्षांपूर्वीचा तो माणूस आमच्या घरी मुक्कामालाच आला. चहा पिताना वजीर, शेंगा फोडताना वजीर. महसुलातल्या एका हलाखीत आलेल्या अंमलदाराचा हा पोरगा दप्तरात लिहीत लिहीत वर चढला आणि सुलतानाचा वजीर झाला. सुलतान गेला तेव्हा त्याच्या कोवळ्या पोराला यानंच गादीवर बसवलं, आणि राज्य पुन्हा आपणच हाकलं. मदरसे काढले, राज्य कसं करावं यावर ग्रंथ लिहिला. "सुलतान बदलले, वजीर तोच," बाबा मिशीतल्या मिशीत हसत. "आमच्या कचेरीत किती साहेब आले न् गेले, टेबल माझंच."

शेवट सांगताना मात्र त्यांचा आवाज उतरायचा. फकिराच्या वेशातला एकजण अर्ज घेऊन वजिराच्या पालखीजवळ आला. अर्जदाराला अडवायचं नाही ही वजिराची रीत. त्यानं अर्जासाठी हात पुढे केला आणि फकिरानं सुरा काढला.

यावर बाबांनी नाटक लिहिलं, आणि वजीर मीच करणार म्हणून हटून बसले. नांदेडला त्यांची बायपास होऊन फार दिवस झाले नव्हते. आई तडकली. "मरायचं काम दुसऱ्याला द्या की. तुमालाच कशाला हौस?" पण डॉक्टरांनी चालायफिरायला सांगितलंय, या एका मुद्द्यावर बाबा जिंकले. सारं आयुष्य कचेरीत काढलेल्या माणसाशी मुद्द्यावर कोण भांडणार! मग आईनं मलाच बजावलं, "तू त्यांच्या जवळ ऱ्हा." म्हणून मी विंगेत प्रॉम्प्टर झाले.

वालूरला आमच्या विहारातल्या वाचनालयाचा वर्धापनदिन होता. हिवाळ्यातली दुपार, अंगणात मांडव, स्टेजवर सतरंजी. वजिराच्या अंगात नवरदेवाची भाड्याची शेरवानी, खुर्चीला दोन बांबू बांधले की पालखी. फकीर माझा चुलतभाऊ, एस.टी.त कंडक्टर. बाबा इतकं सुरेख बोलले की मला अभिमान लपवता येईना. भावानं लाकडी सुरा चालवला. बाबा खुर्चीतून घसरले, हात पसरून सतरंजीवर पडले. टाळ्यांचा कडकडाट झाला. आता पडदा पडायचा होता.

पण आमच्याकडे सत्कार कुणासाठी थांबत नाही. वाचनालयाच्या अध्यक्षांनी माइक ओढला. "पाहुण्यांना चारठाण्याला दुसरा कार्यक्रम हाय, उशीर व्हायलाय. लेखकाचा सत्कार आत्ताच उरकून घेऊ." पाहुणे, समिती, फोटोवाला, सगळे शाल आणि हार घेऊन वर चढले आणि नेमके पडद्याच्या वाटेत येऊन उभे राहिले, त्यामुळे पडदा पाडता येईना. अध्यक्ष बाबांच्या कानाशी वाकले, "उठा की आता." बाबा हलले नाहीत. त्यांनी पुन्हा हाक मारली. बाबा हलले नाहीत. अध्यक्षांनी पाहुण्यांकडे पाहिलं, पाहुण्यांनी घड्याळाकडे. आणि पाहुण्यांनी पडल्या माणसावरच शाल पांघरली, छातीवर हार ठेवला. फोटोवाल्यानं फोटोही काढला.

टाळ्या एकदम थांबल्या. समोर बसलेल्या एका म्हातारीनं हात जोडले. जाड शेरवानी, वर शाल, वर हार, छाती हलतेय की नाही तेच कळेना. ओरडायचं सोडून मी विंगेतून हळूच प्रॉम्प्टच करत राहिले, "बाबा, उठा." बाबा गेले, माझ्यापासून दोन हातांवर गेले, एवढंच डोक्यात फिरत होतं.

आई बायकांतून वाट काढत स्टेजवर चढली. तिनं हार भिरकावला, शाल ओढून काढली आणि चालू माइकसमोर ओरडली, "आवो! उठा म्हणते ना!"

बाबांनी एक डोळा उघडला. "पडदा पडल्याबिगर कसा उठू? वजीर मेलाय."

इतका सुटल्यासारखा श्वास मी आयुष्यात घेतला नव्हता. तिथंच मटकन बसले आणि हसत सुटले. भाऊ हसला, अध्यक्ष हसले, सगळं अंगण हसलं. घाईतले पाहुणेसुद्धा घाई विसरले.

आई तेवढी हसली नाही. तिनं बाबांच्या खांद्यावर दोन्ही मुठी मारल्या आणि मग मोठ्यानं रडायला लागली. बायपासच्या वेळी तिनं डबे केले, औषधं सांभाळली, रडणाऱ्या मलाच दटावलं. डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. ते सगळं आता गावासमोर, माइकवरून बाहेर पडत होतं. कुणी माइक बंद केला नाही. मीही केला नाही. रडू दे, मला वाटलं, एकदाचं होऊन जाऊ दे.

बाबा वरमून उठून बसले. "मी खरंच गेलो तर असंच रडशील का गं?"

"न्हाई," पदरानं तोंड पुसत आई म्हणाली. "माझं झालं रडून. तुमी आता खुशाल जगा."