सिरिलकाकांनी पेटी सोडली

आमच्या चर्चमध्ये पेटी म्हणजे सिरिल साळवे. नोकरी स्वारगेटच्या डेपोत, मेकॅनिकची. हाताचा ग्रीसचा वास जायचा नाही, पण रविवारच्या मराठी मिस्सेला, म्हणजे उपासनेला, तीच बोटं पेटीवर अशी फिरायची की तबल्यावर बसलेला मी ठेका विसरायचो. नाताळात आम्ही घरोघरी भजनं म्हणत हिंडायचो. कुणी चहा द्यायचं, कुणी करंज्या. ते दिवस आठवले की गलबलून येतं.

२०१३ साली पोपनी राजीनामा दिला, तेव्हा चर्चबाहेर चहावर एकच वाद पेटला: पोपच्या वर कुणी नाही, मग राजीनामा मंजूर करणार कोण? काकांनी सरळ फादरांना गाठलं. फादर म्हणाले, मंजुरी लागतच नाही. तो स्वखुशीनं दिलेला आणि रीतसर जाहीर केलेला असला की झालं.

"सुखी माणूस," काका म्हणाले. "आमच्या डेपोत साधी रजा साहेबाच्या टेबलावर कुजते."

गेल्या वर्षी काकांची बोटं थरथरू लागली. तरुणांना कीबोर्ड हवाच होता. त्यांची म्होरकी तनया. तिला सूर काकांनीच शिकवले होते. सरावाला सगळ्यांदेखत ती म्हणाली, "काका, तुम्ही आता थांबलात तर बरं. ट्यून बिघडते, रेकॉर्डिंगमध्ये कळतं." माझं डोकंच फिरलं. काकांनी पेटी बंद केली.

पुढच्या रविवारी मिस्सा संपताच ते माइकपाशी गेले. "आजपासून मी पेटी सोडली," एवढंच बोलले.

फादरांच्या कानावर सरावाची गोष्ट गेली असावी. त्यांनी तिथंच विचारलं, "साळवे, कुणी भाग पाडलं असेल तर सांगा. मग हा राजीनामाच नव्हे. पेटी तुमचीच राहील."

तनयानं मान खाली घातली. सांगा काका, सांगून टाका, मी मनात म्हणत होतो. पेटीशिवाय या माणसाचं काय होईल, हे मला ठाऊक होतं.

"स्वखुशीनं सोडतोय, फादर."

बाहेर पडल्यावर मी त्यांना धरलंच. "देवासमोर खोटं बोललात, काका."

 ते म्हणाले, "खरं बोललो असतो तर पेटी मिळाली असती रे. पण पोरगी पुन्हा चर्चची पायरी चढली नसती."