‘तज्’पाशी थांबलेली पाटी

शनिवार होता, दुपारचे दोन वाजले होते आणि मी गंगापूर रोडवर शिडीवर उभा राहून एका दवाखान्याच्या पाटीवर ‘बालहृदयरोगतज्ज्ञ’ हा शब्द रंगवत होतो. डॉक्टर निर्मला मॅडमची आणि माझी ओळख त्या सकाळचीच. त्यांना साठ वर्षे पूर्ण झाली म्हणून निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांचे सहकारी, विद्यार्थी लिहितील. मी निफाडचा पेंटर, नववीपर्यंत शिकलेला. पण पाटीवर चूक राहिली तर मला चैन पडत नाही, म्हणून आधीच विचारले होते, “तज्ज्ञमध्ये ‘ज्ञ’च्या आधी अर्धा ‘ज’ येतो ना?”

मॅडम हसून म्हणाल्या होत्या, “हे विचारणारे पेंटर तुम्ही पहिलेच.”

खरेदीला आलेली माझी बायको वैशाली खाली थांबली होती. सोबत चार वर्षांची आमची समीक्षा. मॅडम बाहेर आल्या, त्यांनी तिला बिस्किट दिले आणि तिचा हात हातातच धरून ठेवला. बोटांच्या टोकांची सालं निघत होती.

“हे काय झालं?”

“गोवर व्हता मॅडम. सालं निघाली म्हंजी उतरला आता,” वैशाली म्हणाली.

आमच्याकडे असेच मानतात. आईने दाराला कडुलिंबाचा डहाळा लावला होता. गोवरात औषध द्यायचे नाही, म्हणून आम्ही दवाखान्यात गेलोच नव्हतो.

“ताप किती दिवस होता?”

“आठवडाभर तरी.”

“डोळे लाल? चिपडं यायची?”

“लालभडक. पन चिपडं नाय. ओठ फुटून रक्त यायचं.”

मॅडमनी वर पाहिले. “खाली या.”

“शब्द अर्धा राहील, मॅडम.”

“राहू द्या.”

मी ब्रशसकट आत गेलो. मॅडमनी समीक्षाच्या छातीवर यंत्र फिरवले आणि पडद्याकडे बोट दाखवले. “हा गोवर नव्हता. याला कावासाकी म्हणतात.”

“हे तर फटफटीचं नाव!” माझ्या तोंडून गेले.

“एका डॉक्टरांचं आडनाव आहे ते. यात ताप उतरतो, सालं निघतात, घरचे निर्धास्त होतात. पण रक्तवाहिन्यांना आतून सूज असते. हृदयाला रक्त पुरवणारी ही वाहिनी इथे फुगली आहे. अशा जागी गुठळी होऊ शकते.”

माझ्या हाताचा लाल रंग समीक्षाच्या फ्रॉकला लागला होता. तो पाहून वैशाली किंचाळली.

मॅडमनी आम्हाला स्वतःच्या गाडीतून मोठ्या दवाखान्यात नेले. उपचार सुरू झाले. पुढे गुठळी होऊ नये म्हणून रोजची गोळी आली. ती आपल्या मनाने बंद करायची नाही आणि ती चालू असताना कांजिण्या झाल्या तर धोका असतो, म्हणून घराजवळ कुणाला कांजिण्या आल्या तर लगेच कळवायचे, असे मॅडमनी बजावले. शेजारच्या मुलाला कांजिण्या आल्या तेव्हा मी फोन केला. मॅडम लग्नात होत्या. सनई-चौघड्यातून बाहेर येऊन म्हणाल्या, “घाबरून फोन केलात ते बरं केलंत. गोळीचं काय करायचं ते सांगते, लिहून घ्या.”

पुढच्या तपासणीला मी समीक्षाला कडेवर घेऊन गेलो.

“एवढी मोठी मुलगी कडेवर?”

“पळली आन् काही झालं तर?”

“भीती तुमची आहे, तिच्या पायांत बांधू नका. पळू दे तिला. थांबवायची वेळ आली तर मी सांगेन.”

मॅडम कधीच ‘काही होणार नाही’ असे म्हणत नाहीत. ‘मी पाहते आहे,’ एवढेच म्हणतात. मला तेवढाच आधार आहे.

त्या काळात पाटी ‘बालहृदयरोगतज्’पाशीच थांबली होती. येणारेजाणारे हसत. मॅडमनी दुसरा पेंटर बोलावला नाही. “तो येईल,” म्हणत राहिल्या. शेवटी मीच जाऊन ‘ज्ञ’ पुरा केला.

फुगवटा कमी झाला आहे, गेलेला नाही. तपासणी जवळ आली की आजही माझी रेघ सरळ येत नाही. त्यामुळे मॅडमना दीर्घायुष्य मागताना त्यात माझा स्वार्थ आहे, हे मी लपवत नाही. त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, नजर अशीच तीक्ष्ण राहो. उन्हापावसाने पाटीचा रंग उडत जावा आणि दर वेळी तो मीच नव्याने भरावा. खाली रंगाचा डबा धरून समीक्षा उभी असावी, आणि आत मॅडम असाव्यात.