निवासी संचालक

सिंगापूरमध्ये कंपनी काढायची तर तिचा निदान एक संचालक सिंगापूरमध्ये राहणारा लागतो. बाकीचे जगात कुठेही बसोत, एक जण इथे पाहिजे. आणि तो एकटाच असेल तर त्याला राजीनामा देता येत नाही. आधी दुसरा आणून उभा करायचा, मगच सुटायचं. हा नियम मला पाठ होता. लोकांना तो समजावून सांगायचं कामही माझ्याकडेच असायचं. तरी सहा वर्षांपूर्वी आमच्या साहेबांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला तेव्हा मी एवढंच विचारलं की सही कुठे करायची.

मी एका तेल आणि वायू कंपनीत टॅक्स मॅनेजर आहे. हे कळलं की पुण्यातल्या लग्नकार्यात लोक मला पेट्रोल कधी स्वस्त होणार ते विचारतात. कच्चं तेल मी आयुष्यात एकदाच पाहिलंय, आमच्या ऑफिसच्या लॉबीत ठेवलेल्या काचेच्या बरणीत. ऑफिस हार्बरफ्रंटला, एकोणिसाव्या मजल्यावर. खिडकीतून बाताम बेटाकडे जाणाऱ्या फेरीबोटी दिसतात. मी कामात चांगला आहे. हे सांगायला मला संकोच वाटत नाही, कारण पुढचं सगळं त्यामुळेच झालं.

ज्या कंपनीचा मी एकमेव निवासी संचालक झालो ती अगदी नावापुरती होती. शेजारच्या समुद्रात तेलाची एक विहीर खोदायची म्हणून काढलेली. विहीर कोरडी निघाली, माणसं दुसरीकडे पांगली आणि मागे उरला तो कर खात्याशी एक वाद. खोदाईचं जहाज खराब हवामानात काही आठवडे काम न करता समुद्रात उभं होतं. कर काढताना त्या दिवसांचा खर्च वजा धरायचा की नाही, एवढाच प्रश्न. गणेशोत्सवात ओळख झालेले रत्नागिरीचे, जहाजावरचे एक चीफ इंजिनियर त्या सुमारास इथल्या बंदरात होते. त्यांना मी फूड कोर्टात बसवून विचारलं, उभ्या जहाजाला खर्च कसला? ते हसायलाच लागले. खोल पाण्यात नांगर पोचत नाही, म्हणाले. जागच्या जागी राहायचं तरी इंजिनं चोवीस तास चालवावी लागतात. कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, दुसरा कप संपेपर्यंत त्यांनी मला टिश्यू पेपरवर सगळं काढून दाखवलं. त्यावरून मी बेचाळीस पानांची हरकत लिहिली. हेड ऑफिसातून शाबासकीची ईमेल आली. ती मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवली. पोळ्या लाटता लाटता तिने ऐकलं आणि छान म्हणाली.

नंतर आम्ही पुण्याला परत जायचं ठरवलं. दोघांनी मिळून ठरवलं, कोणी कोणावर लादलं नाही. मुलगी आठवीत जाणार होती. आत्ता नाही तर मग कधीच नाही, असं वाटलं. शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून त्या दोघी पुढे गेल्या. मी दिवाळीपर्यंत मागून येणार होतो. कॉन्डो सोडला आणि आंग मो किओला एका वयस्क चिनी बाईंच्या फ्लॅटमध्ये खोली घेतली. चार-पाच महिन्यांसाठी सामान कशाला काढायचं म्हणून बॅगेतूनच शर्ट काढून घालत राहिलो.

मी राजीनाम्याचं बोललो तेव्हा साहेब म्हणाले, नोकरी सोडा हवी तर, पण त्या कंपनीचं काय? ती बंद करायची तर आधी वाद मिटायला हवा. वाद मिटेपर्यंत कोणीतरी संचालक हवा. सहकाऱ्यांना विचारलं. ते सगळे नियम जाणणारेच होते, त्यामुळे एकही फसला नाही. पैसे घेऊन नाव लावू देणारे लोकही इथे मिळतात, पण वाद चालू असलेल्या कंपनीला त्यांच्यापैकी कोणी हात लावेना. दिवाळी आली आणि गेली. मला पुण्याला जायला कोणी अडवलेलं नव्हतं. शुक्रवारी जायचं आणि रविवारी परत फिरायचं, इतकंच. चांगी विमानतळावर उतरलो की मला कोंडल्यासारखं व्हायचं. एवढं सुंदर विमानतळ, आणि मला त्याचा संताप यायचा.

मुलीला तिकडे मराठी सक्तीचं होतं. एकदा वर्गातल्या बाईंनी तिला धडा वाचायला उभं केलं आणि तिच्या उच्चारांना वर्ग हसला. तेव्हापासून ती डबा एकटीच खाते, असं मला तिनेच सांगितलं, इंग्रजीत, बातमी सांगावी तसं. मी म्हणालो, पुढच्या महिन्यात मी येतोच आहे.

"बाबा, डोन्ट ब्लफ लाह," ती अगदी सिंगापुरी ढंगात म्हणाली आणि फोन आईकडे देऊन निघून गेली.

चौदा महिने असे गेले. मग एक वाट निघाली. आमच्या वकिलांनी हेड ऑफिसला कळवलं की हे प्रकरण फार लांबतंय, हरकत मागे घ्यावी. मागे घेतली की वाद संपला, कंपनी बंद, मी मोकळा. निर्णय माझ्या हातात नव्हता, पण माझं मत विचारून होणार होता. त्यासाठी गुरुवारी दुपारी चार वाजता मीटिंग ठरली. बायकोला सांगितलं तर तिचा आवाजच बदलला. कपाटाचा कुठला कप्पा तुझ्यासाठी रिकामा करू, असं विचारायला लागली.

"केस कमजोर आहे म्हण," ती म्हणाली. "एवढंच तर बोलायचंय."

तसं ते धडधडीत खोटंही नव्हतं. निकाल काय लागेल हे कोण छातीठोकपणे सांगणार? तेच वाक्य इंग्रजीत करून मी सकाळी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मनातल्या मनात घोकलं. हार्बरफ्रंटला उतरलो तेव्हा ते माझ्या तोंडात बसलेलं होतं.

मीटिंगमध्ये स्क्रीनवर हेड ऑफिसातल्या मुख्य बाई होत्या आणि दोन वकील. बाईंनी आडवळण घेतलं नाही. तुम्हीच लिहिलंय, तुमचं मत काय, असं विचारलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात दोघांतला तरुण वकील मध्येच म्हणाला की तसंही यात लढण्यासारखं काय आहे, जहाज नुसतं तर उभं होतं.

माझं डोकंच फिरलं. नुसतं? मी माईक सुरू केला आणि बोलत सुटलो. इंजिनं, इंधन, वारा, जहाजावरच्या नोंदी, पान एकवीस, पान तेहतीस. फाईल उघडावीही लागली नाही. त्या वकिलाने दोन शंका काढल्या, दोन्ही मी जागेवर निकालात काढल्या. वीस मिनिटं कोणी मला थांबवलं नाही. गेल्या चौदा महिन्यांत मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, मग आपण लढू. किती दिवस लागतील? मी म्हणालो दोन वर्षं, कदाचित तीन. तुम्ही तिथे आहात हे आमचं नशीब, असं म्हणून त्यांनी मीटिंग संपवली. स्क्रीन काळी झाल्यावर मला कळलं की मी काय करून बसलोय.

बायको फोन हातात घेऊनच बसली असावी. एका रिंगमध्ये उचलला. मी सगळं सांगितलं, त्या वकिलाचं जरा रंगवूनच सांगितलं. मी म्हणालो, अगं, खोटं बोलणं मला जमलं नाही.

"तू खोटं बोलला नाहीस याचा मला राग नाही," ती म्हणाली. "एकच सांग. ती वीस मिनिटं बोलत होतास, तेव्हा आमची एकदा तरी आठवण आली का?"

मी खिडकीपाशी उभा राहून ती वीस मिनिटं नीट आठवून पाहिली, पहिल्या वाक्यापासून शेवटच्यापर्यंत.

"नाही," मी म्हणालो.