सुईच्या आधी पट्टी

सातवीतून शाळा सुटली आणि फिरत फिरत सांगोल्याहून इतक्या लांब, मध्य प्रदेशातल्या सौसरला आलो, संत्र्याची गाडी चालवायला. ज्यांच्या बागेचा माल नेतो, त्या काका-काकूंनीच मागची खोली दिली. ताटही त्यांच्याच घरचं. हे आधी सांगतो, म्हणजे त्या दुपारी माझं तोंड का उघडेना ते कळेल.

काका आठवडाभर तापाने पडून होते. पोटात पाणी ठरत नव्हतं. त्या दुपारी भ्रम चढला. काकूंना ओळखेनात, हातात दगड घेऊन ‘माकडं हाकला, माकडं!’ ओरडत सुटले. संत्र्याच्याच गाडीत घालून सरकारी दवाखान्यात आणलं.

तिथेही तेच. दोघं धरायला, तरी लाथा बसतच होत्या. काकूंचे भाऊ, त्यांना मीही मामाच म्हणतो, वैतागून म्हणाले, “म्याडम, एक सुई ठोका न, झोपून जाईन माणूस.”

“देते. पहिले छातीची पट्टी काढू, ईसीजी. शांत करायच्या सुईनं एखाद्याच्या हृदयाची चाल बिघडते,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आधी कोणत्या गोळ्या सुरू होत्या?”

“काहीच नाही जी,” काकू म्हणाल्या. “घरचा काढा फक्त.”

इथली रीत मला ठाऊक झाली होती. दुसऱ्या डॉक्टरकडे गेलं की पहिल्याचं नाव काढायचं नाही. रागावतात, ‘मग त्याच्याकडेच जा’ म्हणतात. पण बोरगावच्या डॉक्टरच्या तापाच्या गोळ्या मीच आणल्या होत्या. उलट्यांच्या, पांढुर्ण्याच्या मेडिकलमधून, त्याही मीच.

ज्यांचं मीठ खातो त्यांना चारचौघांत खोटं पाडायचं? आणि गप्प राहून काकांना काही झालं तर? माझी छाती अशी धडधडत होती की पट्टी माझीच काढावी.

“म्याडम, गोळ्या होत्या. गाडीत पाकिटं आहेत, आणतो.”

“गडबडला पोट्टा,” मामा म्हणाले. “ड्रायव्हर आहे तो.”

बाईंनी पाकिटं बघितली. हाललं की पट्टी नीट येत नाही, म्हणून मी काकांचे पाय पोटाशी कवटाळून बसलो. पट्टी निघाली, तशा त्या सिस्टरला म्हणाल्या, “चाल आधीच बिघडून राहिली. ह्या गोळ्यांनीही बिघडते, वरून उलट्यांनी क्षार गेले. ती सुई नको, दुसरी काढा. तारा छातीवरच राहू द्या.” रागावल्या नाहीत. दमलेल्या दिसल्या, इतकंच.

दुसऱ्या सुईनं काका निवले. काकू माझ्याशी बोलल्या नाहीत. उन्हं उतरेस्तोवर मी मनातल्या मनात खोली रिकामी केली, गादी गुंडाळली, पिशवी भरली.

मग काकांनी डोळे उघडले. “गाडी खाली केली का बे?”

“नाही काका, माल गाडीतच आहे.”

“मंग इथं काय करून राहिला?”

काकूंनी डबा उघडला, पोळीत भाजी गुंडाळून माझ्या हातात दिली. “खाय. सकाळपासून उपाशी आहे तू.” आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, “ते पाकिटं ठेवजो सांभाळून. पुन्हा विचारलं तर दाखवाले लागतील.”